मुलाण्याची शर्यतीची गाडी

पौडच्या बाजारात नबीलाल मुलाण्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, पण त्याला ओळखत ते त्याच्या सुरीमुळं. पौडपासून मुळशीच्या अंगाला पसरलेल्या सात गावांत देवाला बकरं द्यायचं असलं, की सुरी नबीलालची लागायची. देव मराठ्यांचा, बकरं मराठ्यांचं, खाणारेही मराठेच; पण नबीलालनं तोंडातल्या तोंडात आपले शब्द म्हणून सुरी फिरवल्याशिवाय ते मटण कुणाच्या घशाखाली उतरत नसे. हे कुणी आणि कधी ठरवलं, ते विचारायचं आजवर कुणाला सुचलं नव्हतं. त्याच्या आधी त्याचे वडील चाँदभाई हे करत, त्यांच्या आधी आजा. मोबदला म्हणजे मानेचा वाटा आणि जत्रेच्या पंगतीत पहिल्या ओळीतलं पान. वाटा डब्यात मावायचा. पान मात्र नबीलालच्या छातीत मावत नसे. त्या दिवशी तो दोन बोटं उंच होऊन घरी यायचा, आणि मुळातच सहा फूट असल्यामुळं दारात डोकं आपटून घ्यायचा.

हा माणूस सायकलवरून सात गावं करत होता तोवर त्याच्याविषयी कुणाची काही तक्रार नव्हती. घोटाळा झाला तो दस्तूरसाहेबांमुळं.

कोळवणच्या भातखाचरांच्या वर, डोंगराच्या पायाशी या पारशी साहेबांचा बंगला होता. त्यांच्याकडं विलायतेहून बोटीनं आलेली एक गाडी होती. लालभडक, दोन माणसांची, शर्यतीत पळायच्या जातीची. उंचीला कमरेइतकी. आत बसायचं म्हणजे घोंगडीवर पाय पसरून बसल्यासारखं. एकदा ती खोकायला लागली आणि पुण्याच्या मेस्त्र्यांनी हात टेकले, तेव्हा नबीलालनं नुसता कान लावला आणि सांगितलं, "साहेब, हिचा उजवा कार्बोरेटर उपाशी हाय." आणि तसंच निघालं. तेव्हापासून साहेबांनी त्याला दुकानदार न म्हणता डॉक्टर म्हणायला सुरुवात केली.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर साहेब वर्षभरासाठी मुलीकडं विलायतेला निघाले. जाताना किल्ली नबीलालच्या हातावर ठेवून म्हणाले, "डॉक्टर, हिला उभी नाय ठेवायची. उभी राहिली की ही मरते. रोज वीस मैल चालवायची. पावसात पण." आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीशेजारी पेट्रोलची आठ पिंपं उतरवून गेले.

नबीलालच्या घरात दुसऱ्याच्या वस्तूला अमानत म्हणत, आणि अमानतीपुढं स्वतःची सोय पाहायची नाही, असा चाँदभाईंचा दंडक होता. रोज वीस मैल म्हणजे रोज वीस मैल. अडचण एकच होती. वीस मैल जायचं कुठं? रिकामं जायचं आणि रिकामं यायचं, हे त्याच्या रक्तात नव्हतं.

"लोक म्हनतील मुलाण्याला भूतबाधा झाली," तो बायकोला, हसिनाला म्हणाला.

"मग कामाला लावा तिला. सायकल तरी काय, कामाशिवाय फिरत व्हती का?"

तर गाडी कामाला लागली. ज्या गाडीनं विलायतेत म्हणे तासाला सव्वाशे मैल कापले असते, ती हसिनाचं तांदळाचं दळण गिरणीत नेऊ लागली. तिच्या पाठीवर सायकलीच्या रिंगा बांधून नबीलाल माले गावाला जाऊ लागला. आणि जत्रेला, नवसाला निघाला, की शेजारच्या मऊ चामडी गादीवर फडक्यात गुंडाळलेली सुरी आणि वाट्याचा ॲल्युमिनियमचा डबा ऐटीत बसून जाऊ लागले.

चालवायचा मात्र तो सायकलच्याच बेतानं. रस्त्यात टेंगूळ दिसलं, की उतरायचा, पुढं चालत जाऊन दगड बाजूला करायचा, परत येऊन स्वतःची सहा फुटांची घडी घालून आत बसायचा. गाडी खाली वाघासारखी गुरगुरायची आणि वर बैलाच्या चालीनं चालायची. एसटी तिला मागं टाकून जायची आणि एसटीतली माणसं खिडकीतून वाकून खाली बघायची.

हळू चालवण्यातच सगळं बिघडलं. तो भन्नाट सुटला असता तर लोक म्हणाले असते, मुलाण्याला माज आला, आणि विसरले असते. पण पळणारी गाडी हळू चालवणारा माणूस म्हणजे नक्कीच काहीतरी सांभाळून नेणारा माणूस, असा हिशोब माले गावचे पोलीस पाटील कोंडाजी यांनी मांडला.

कोंडाजी पाटलांना संशयाचा नाद होता. एखाद्याला तपकिरीचा असतो तसा. अकरा वर्षांच्या पाटिलकीत त्यांच्याकडं एकच भारी प्रकरण आलं होतं, हरवलेल्या म्हशीचं. म्हैस दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली, तर पाटलांनी म्हशीच्या मालकाची तीन दिवस चौकशी केली, की ती इतक्या लवकर कशी आली. त्यात त्या काळी पेपरात सोन्याच्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या येत, आणि पाटलांच्या घरी पेपर यायचा तो भज्यांभोवती. अर्धीच बातमी वाचायला मिळाली, की उरलेली अर्धी पाटील स्वतः पुरी करत.

एके सकाळी त्यांनी माल्याच्या फाट्यावर काठी आडवी धरली.

"कुटं निगाला, मुलाणी?"

"हितंच. नथूच्या सायकलची रिंग हाय."

"एका रिंगंसाटी येवढी गाडी?"

"रिंगंसाटी न्हाई, पाटील. गाडीसाटी रिंग हाय. रोज वीस मैल व्हायला पायजेत ना."

पाटलांनी डोळे बारीक केले. "कोन म्हनलं वीस?"

"साहेब."

"एकवीस न्हाई? एकोणीस न्हाई? बरोबर वीसच?" पाटलांनी ही गोष्ट मनात नोंदवून ठेवली. "पुढचं झाकण उघड."

नबीलालनं निमूटपणे उघडलं. पाटील वाकले आणि वाकलेलेच राहिले. आत इंजिनच नव्हतं. स्वच्छ, रिकामी, अस्तर लावलेली जागा. एका कोपऱ्यात तांदळाचे चार दाणे.

"इंजिन कुटं गेलं?"

"मागं हाय."

"मागं?"

"ह्या गाडीचं मागंच असतंय, पाटील."

पाटलांनी उभ्या जन्मात जीप पाहिली होती, ट्रक पाहिला होता, कलेक्टरची अँबॅसॅडर पाहिली होती. सगळ्यांचं इंजिन देवानं दिल्यासारखं पुढं होतं. "म्हंजे पुढचं इंजिन उपटून मागं टाकलं, आन् पुढं माल भरायला जागा केली," ते सावकाश म्हणाले. "आन् वर पुन्हा अस्तर." अस्तराचा त्यांना विशेष राग आला. जीपला कुठं अस्तर असतं?

दुपारपर्यंत ही गोष्ट माल्यात पसरली. संध्याकाळी ती पौडला पोचली आणि तिथून हसिनाच्या कानावर.

"मी म्हनते," ती भाकरी थापताना म्हणाली, "इतकी मोलाची वस्तू कोन कुनाच्या हवाली करतं का? साहेब येनार हाय ना नक्की?"

"येनार म्हनलाय."

"म्हनायला काय जातंय? तुमी आतनं सगळी बघितलीया का गाडी?"

नबीलालनं बघितली नव्हती. अमानत उचकटून बघायची नसते. पण गाव डोळे वटारून बघत असताना आपणच न बघणारे कोण, असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी शेडचं दार लावून त्यानं गाडीची झडती घेतली. गाद्यांखाली हात घातला. चाकांवर टिचक्या मारल्या. सापडला तो एक काळा चष्मा आणि खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पुडी. त्यानं गोळी हुंगली. चाटून पाहिली. खोकल्याचीच होती. मग मात्र त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी त्यानं वीसऐवजी पंचवीस मैल गाडी चालवली.

नेमकी तीही गोष्ट पाटलांनी टिपली.

चैत्रात माल्याच्या म्हसोबाची जत्रा. आठ दिवस आधी निरोप आला: औंदा मुलाणी बाहेरगावचा आणायचं पाटलांच्या मनात आहे. चोरट्या धंद्यातला हात देवाच्या बकऱ्याला लावायचा नाही.

नबीलाल दुकानात पंक्चर काढत बसला होता. त्यानं ट्यूब पाण्यात धरली आणि बुडबुडे येत असतानाही तशीच धरून ठेवली. मोठ्या जत्रेचं गाव माले. माल्यानं सुरी नाकारली, की उरलेली सहा गावं कारण न विचारता नाकारणार. सायकली कुणीही दुरुस्त करील. पण चाँदभाईच्या घरातली सुरी आपल्या हातून गेली, तर वर गेल्यावर बापाला तोंड काय दाखवायचं?

"गाडी नगा चालवू मग. उभी करा," हसिना म्हणाली.

"उभी केली तर मरती."

"आन् सुरी गेली तर?"

नबीलाल उठला. तो गाडी काढून वीस मैल करून आला.

त्याची बाजू घेतली ती माल्याच्या साळूबाईनं. तिनं लेकाच्या आजारपणात म्हसोबाला बकरं बोललं होतं. ती थेट पाटलांच्या ओट्यावर गेली. "माज्या बकऱ्यावर चाँदभाईच्या पोराचीच सुरी फिरंल. नवस बोलताना मी देवाला तसं सांगितलंया. आता तुमी बदलनार असला, तर देवाला इचारून बदला."

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवाच्या शेंदरी दगडाला दोन खांद्यांवर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर सुरी नबीलालची, डावी पडली तर बाहेरगावच्याची. पाटलांना हे पटलं. फक्त त्यांनी अट घातली, की गाडी मुद्देमाल म्हणून देवळासमोर हजर पाहिजे.

जत्रेच्या सकाळी गाडी म्हसोबाच्या अंगणात उभी राहिली. बकरं पारावर बांधलेलं. गाव भोवती जमलेलं. गुरव कान्हूनं कळ्या लावल्या, हात जोडले आणि मागं वळून म्हणाला, "नुसती लाल गाडी म्हनून देवाला काय कळनार? लाल एसटी बी हाय. जरा चालू कर, ऐकू दे त्याला."

नबीलालनं किल्ली फिरवली. गाडी गरजली. देवळाच्या पत्र्यावरच्या चिमण्या उडाल्या, पत्रा थरथरला, आणि ज्या कळ्या एरवी तास-तास हलत नसत, त्यातली उजवी टपकन खाली पडली.

साळूबाईनं हात जोडले. कान्हूनं घंटा बडवली. लोक नबीलालच्या पाठीवर हात ठेवायला पुढं सरले. पाटलांचं तोंड मात्र कडू बदाम चावल्यासारखं झालं होतं.

नबीलाल गाडीतून उतरला. घडी उलगडून सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "हा कौल धरू नका."

"का?" कान्हूनं घंटा थांबवली.

"देवानं न्हाई पाडली ती. इंजिनाच्या हादऱ्यानं पडली. मला हिचा हादरा ठावं हाय. आता बंद केलीया. पुन्ना लावा."

हसिना बायकांत बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढला तो रागानं की कशानं, ते कुणाला कळलं नाही. कान्हूनं पुन्हा कळ्या लावल्या आणि सगळे बसले. तास झाला. दीड तास झाला. उन्हं डोक्यावर आली, बकऱ्यानं आपल्याच गळ्यातला हार खाऊन संपवला, पण एकही कळी हलेना.

"देव बोलत न्हाई," कान्हू म्हणाला. "पाटील, तुमीच बोला आता."

पाटील मोठ्या पेचात पडले. चोर असता तर पहिला कौल कशाला सोडला असता? हातात पडलेलं कोण टाकतं? पण पक्का चोर असला तर तो हेच करील. लोकांनी असं म्हणावं म्हणूनच करील. आणि त्याहून पक्का असला तर... इथं पाटलांच्या डोक्याचाच उजवा कार्बोरेटर उपाशी पडला. त्यांनी पटका काढला, डोकं खाजवलं, बकऱ्याकडं बघितलं, साळूबाईकडं बघायचं टाळलं.

"सुरी तुजीच," ते शेवटी म्हणाले. "पर माजा संशय गेल्याला न्हाई. उद्यापास्नं गाडी माज्या नजरंखाली चालंल. मी संगं बसनार. रोज."

नबीलालनं सुरी काढली. शब्द ओठांवर आले तसा हात फिरला, जसा चाँदभाईंचा फिरायचा. दुपारी पहिल्या ओळीत त्याचं पान पडलं. वाढणाऱ्यानं त्याला भाकरी दोनदा विचारली, आणि हसिनानं ते लांबून मोजलं.

दुसऱ्या दिवसापासून पोलीस पाटील कोंडाजी शर्यतीच्या गाडीत बसून हिंडू लागले. सकाळी फाट्यावर पटका बांधून तयार उभे असत. पाय लांब करून, काठी दोन गुडघ्यांत धरून बसत आणि दर मैलाला विचारत, "हितं का थांबला?" दगड काढायला थांबलोय म्हटलं, की खाली उतरून दगड उलटून पालटून बघत. महिन्याभरात मात्र त्यांना उजवीकडच्या वळणावर आपोआप उजवीकडं झुकायची सवय लागली, आणि एकदा ताप आला असतानाही ते कानटोपी घालून फाट्यावर उभे होते. तपासात खंड पडायला नको म्हणून.

वैशाखात पुढच्या गावची जत्रा आली. मुलाणी लाल गाडीतून उतरला तेव्हा त्याला कुणी काही विचारलं नाही. चार जण सरळ गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले. रोज-रोज मुलाण्याच्या गाडीतून फिरायला पोलीस पाटलाला काय मिळतंय, ही चर्चा त्या गावात पंधरा दिवस चालली होती. त्यांनी कोंडाजींना हात वर करायला लावले आणि खिसे चाचपले.

नबीलालला वाटलं, आता पाटील काठी उगारणार. पण पाटील हात वर करून शांत उभे होते. चेहऱ्यावर, एखाद्या जुन्या गवयानं नवख्याचं गाणं ऐकावं तसा भाव.

"ही काय झडती झाली?" ते म्हणाले. "पटका कोन सोडनार? आन् वहाना बघितल्या का? मानूस सोनं वहानंत ठिवतो. थांबा, मी दावतो."

आणि ते जमिनीवर बसून आपल्याच वहाणा काढून त्यांना दाखवायला लागले. तिकडं देवळापुढं बकरं आणलं होतं आणि लोक नबीलालला हाका मारत होते, म्हणून तो सुरी घेऊन पुढं झाला.