चाचांच्या दुकानाचा व्हिडिओ

माझी भाची परभणीला कृषी विद्यापीठात शिकते आणि माझ्याकडेच राहते. बाजारात बॉम्ब ठेवून तुरुंगात गेलेल्या एका माणसाचं ती फोनवर फॅन पेज चालवायची. कधी भेटली नाही, तरी त्याला 'दादा' म्हणायची, त्याच्या फोटोंना गाणी जोडायची. मी दोनदा समजावून पाहिलं. दोन्ही वेळा तिनं कानात इअरफोन घातले. तो उपाय मी बाद केला.

एकदा जेवताना ती म्हणाली, "मावशी, रविवारी आपल्या गावी वालूरला जायलेय. पेजच्या ग्रुपवाल्यांना 'मुसलमानांकडून काही घेऊ नका' असे व्हिडिओ पायजेत. चाचांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान घेते."

चाचांचं शेत तिथंच आमच्या शेताला लागून. दर हिवाळ्यात आमचा हुरडा तेच भाजतात.

मी वाद घातला नाही. हुरडा त्याच रविवारी ठरवला. गोवऱ्या, जवसाची चटणी, दही, गूळ अशी यादी केली आणि भाचीला आगटीपाशी बसवलं. गरम कणसं चोळताना हात राखेनं भरतात, फोन धरता येत नाही. माझा बेत एवढाच होता.

चाचांनी पहिली मूठ चोळली, फुंकली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "खा बेटा. सुना है, तू फोनवर लय फेमस झालीस?"

तिनं चटणीची वाटी जवळ ओढली.

"मग आमच्या दुकानाचा बी एक व्हिडिओ टाक ना. लोक मोटारी परभणीलाच न्यायलेत."

"पहले दाढी तो बनाओ!" चाची म्हणाल्या.

सगळे हसले. भाचीनं हातातले दाणे तोंडात टाकले. मग तिनं विचारलं, "चाचा, दुकान आज उघडता का?"

संध्याकाळी तिनं व्हिडिओ काढला. वाढलेली दाढी, हातात तांब्याची तार, आणि "दुरुस्ती पक्की, नायतर मोटार परत आणा." त्याच पेजवर टाकला.

सकाळपर्यंत काल तिला 'ताई' म्हणणाऱ्यांनी शिव्यांचा पाऊस पाडला. ती रडली. मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत तिनं ग्रुप सोडला होता.

पेज अजून आहे, दादाचा फोटोही. पण नवं गाणं आलेलं नाही. परवा चाचांचा फोन आला, व्हिडिओ पाहून सेलूहून एक गिऱ्हाईक आलं म्हणून. भाचीनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"चाचा, दुसरा काढू. पण या वेळी दाढी करून बसा."