नाकतोडा आणि कामनानचं डोकं

आमच्या आंगथोंग प्रांतात माझ्या नवऱ्याचं खरं नाव, प्रयून, कुणाच्या लक्षात नाही. सगळे त्याला नाकतोडा म्हणतात. लग्नाच्या मांडवात आम्ही लोकांना हसवायचे खेळ करतो, आणि तो मंचावर चालतच नाही, उड्या मारतो. खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून खाली, आणि तोंडाचा पट्टा चालूच. मी त्याची जोडीदारीण, हातात ॲल्युमिनियमचा ट्रे. त्याची जीभ सुटली की मी ट्रे त्याच्या डोक्यात हाणायचा आणि लोकांनी पोट धरून हसायचं.

लोकांना वाटतं, या गड्याला भीती म्हणून ठाऊक नाही. मांडवामागे त्याचे हात बर्फासारखे गार पडतात, ओकाऱ्या येतात, ते माझं मला माहीत.

डोकं आमच्यात पवित्र. खेळाआधी मीसुद्धा रोज त्याच्यापुढे हात जोडून माफी मागते. परक्याच्या डोक्याला तर कुणी हात लावत नाही.

एका संध्याकाळी मात्र हात लागला. उडी चुकली आणि तोल सावरताना त्याचा पंजा पुढच्या टेबलावरच्या टकलावर फाडकन बसला. टक्कल कामनान सानितचं, पंचक्रोशीच्या मुखियाचं. मागे त्याची दोन माणसं उभी, कमरेला पिस्तुलं.

प्रयून मटकन गुडघ्यांवर बसला.

"ए बाई, तो ट्रे आण इकडे," कामनान म्हणाला.

"मालक, चुकलं हो त्याचं. पदरात घ्या."

"आण म्हटलं ना!"

दिला. न देऊन सांगते कुणाला! ट्रे सपाट बसला तर नुसता आवाज होतो, कड बसली तर कवटी फुटते. कामनानने कडच खाली धरली. प्रयूनने डोळे मिटले, मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. शेवटच्या क्षणी कामनानचं मनगट वळलं. ठण्ण!

"फिटंफाट!" कामनान खदखदून हसला आणि अख्खा मांडव हसायला लागला.

प्रयून उठून नाचायला लागला. विजार पुढून ओली झाली होती. लोकांना वाटलं, हाही खेळच.

"अरे, नाकतोडा मुतला रे!"

एवढं हसू त्याला जन्मात मिळालं नव्हतं.

आता प्रत्येक यजमान आधी तेच विचारतो, "ते विजारीचं करणार ना?" नाही म्हटलं तर दुसऱ्याला बोलावतील. म्हणून मी पाण्याची छोटी बाटली त्याच्या कमरेला आतून बांधून देते. कुणीतरी पाहुणा उठतो, ट्रे उगारतो, प्रयून डोळे मिटतो, लोक हसून हसून रडतात.

खेळ संपल्यावर मी बाटली सोडते. विजार भिजलेली असते आणि बाटली अजून भरलेलीच.