उकंडाजींनी ताशा खाली ठेवला

घाटंजीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चौतीस वर्षे फिटर म्हणून राबलेल्या उकंडा थूल यांना गाव ‘ताशेवाले उकंडाजी’ म्हणून ओळखते. त्यांच्या आधीची दोन भावंडे जगली नव्हती. म्हणून तिसरे मूल होताच आजीने त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवले, हे टाकून दिलेले पोर आहे असे मृत्यूला भासवले, आणि मगच पदरात घेतले. त्यावरून पडलेले नाव कायम राहिले. ज्याच्याकडे कुणाचे लक्ष जाऊ नये म्हणून ही योजना झाली, त्याच्या ताशाचा पहिला आघात ऐकून पुढे अवघी वस्ती दारात येऊन उभी राहू लागली, हे आजीच्या हिशेबात नव्हते.

या घराचे आणि वाद्याचे नाते सरळ नाही. त्यांच्या आजोबांना डफडे वाजवावे लागे. सण दुसऱ्यांचा, हुकूमही दुसऱ्यांचाच. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर आजोबांनी ते डफडे खुंटीवरून उतरवले आणि पुन्हा कधी हातात धरले नाही. त्यानंतर घरात चर्मवाद्य आले ते एकदम उकंडाजींच्या तरुणपणी. बाबासाहेबांच्या जयंतीसाठी वस्तीतल्या मुलांनी पथक उभारले, तेव्हा त्यांनी आपणहून ताशा गळ्यात अडकवला. वडील आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवताना त्यांनी विचारले, “कोणाच्या हुकमानं वाजवून राह्यला?”

“कोणाच्याच नाही.”

“मंग जोरानं वाजव,” वडील म्हणाले, आणि त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

त्या अनुज्ञेला उकंडाजी आजवर जागले. आपल्या प्राचीन संगीतविचाराने वाद्यांचे चार वर्ग सांगितले. त्यांत चामड्याने मढवलेल्या वाद्यांना ‘अवनद्ध’ म्हणजे बांधलेले असे नाव आहे. उकंडाजींच्या हाती मात्र हे बांधलेले वाद्य पूर्ण मोकळे होते. वेताच्या दोन बारीक काड्यांखाली ताशा असा कडकडे की चोवीस ढोलांना दुसऱ्या सूत्रधाराची गरज उरत नसे. आपल्या पथकाला विजेची तार लागत नाही, हा त्यांचा एकमेव अहंकार. गावात धुमाल म्हणजे विजेवर वाजणारा बँड येई, मालमोटारीवर भोंग्यांची भिंत उभारून जाई, उकंडाजी ओट्यावरून म्हणत, “लाइन गेली का मुके झाले सारे!”

या निष्ठेला पहिला धक्का घरातूनच बसला.

त्यांच्या पत्नी प्रभावती अंगणवाडीत शिकवत. मुलांसाठी गाणी रचता रचता त्यांच्या हातून एक मोठे गाणे रचले गेले, आपल्या आईवरचे. आई रुखमाबाई यांनी वयाच्या चौतिसाव्या वर्षी अंगठा सोडून सही करायला आरंभ केला होता. ती हकिकत प्रभावतींनी पाच कडव्यांत बांधली:

बोट धरून लेकीनं माय शाळेला नेली,
अंगठ्याची शाई मग नावामंदी आली.

जयंतीला सकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणावर तालुक्यातली पथके जमतात आणि प्रत्येकाला दहा मिनिटे मिळतात. गेल्या वर्षी पथकाचे काम पाहणाऱ्या मोनालीने, म्हणजे त्यांच्या लेकीने, आईचे गाणे वादनाच्या मधोमध घातले. प्रभावती घशाच्या शिरा ताणून गायल्या. चौऱ्यांशी वर्षांच्या रुखमाबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. वादन संपल्यावर त्यांनी लेकीला जवळ बोलावून विचारले, “तोंड तं लय हालत होतं तुहं. काय म्हणून राह्यलती वो?”

सारे हसले, प्रभावतीही हसल्या. पण पुढे महिनाभर त्यांनी गाण्याची वही उघडली नाही. आईच्या हयातीत आईला ऐकवण्यासाठी रचलेले गाणे आईपर्यंत पोहोचत नसेल, तर ते वहीतच राहिलेले बरे, असे त्यांनी मनाशी ठरवले. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. मोनालीला ते कळले.

म्हणून या वर्षी फाल्गुनातच मोनालीने बापासमोर विषय काढला. “बाबा, यंदा माइक लावू. रोशनचे डबे आहेत.” रोशन हा शेजारचा, मांडव आणि साउंड हा त्याचा व्यवसाय; डबे म्हणजे त्याचे ध्वनिक्षेपक.

“ज्याच्या गळ्यात ताशा हाय, त्याले डबे कायले?”

“तुमच्या गळ्यात ताशा आहे. आईच्या गळ्यात गळाच आहे फक्त.”

“पथकात गाणं कायले पायजे मी म्हणतो! ढोल बोलत नाही का?”

“बोलते ना. पण आजी सही कशी शिकली, ते तुमचा ढोल सांगून दाखवन का?”

उकंडाजींनी ‘हूं’ केले आणि ते काड्या तासू लागले. हा त्यांचा होकार असतो, असे मोनाली सांगते.

तालमीच्या पहिल्या दिवशी रोशनने पटांगणाच्या दोन टोकांना ध्वनिक्षेपकांचे दोन उंच मनोरे उभे केले. लोक दोन्ही टोकांना बसतात, तेव्हा दोघांनाही ऐकू आले पाहिजे, हा त्याचा विचार योग्यच होता. मध्यभागी माइक, माइकपाशी प्रभावती, शेजारी ताशे, आणि दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेली ढोलांची रांग. ठेका सुरू झाला, प्रभावतींनी पहिली ओळ घेतली, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत सारे विस्कटले. मधले ढोल एकीकडे, टोकाचे दुसरीकडे. अंगणात सांडलेली ज्वारी गोळा करावी तसे उकंडाजींनी तीनदा सर्वांना एकत्र आणले आणि तिन्ही वेळा ती पुन्हा सांडली.

“आई, तू मागं राहून राह्यली,” ताशावरची मोनाली म्हणाली.

“मागं कुठं?” टोकाच्या ढोलावरचा अतुल धावत आला. “काकू तं पुढं पळून राह्यल्या! आमी धरतो धरतो, तोवर त्या निंगून जाते!”

“अरे, मागं!”

“पुढं, ताई! इमानानं सांगतो.”

प्रभावतींनी माइक शांतपणे रोशनच्या हातात दिला. “भांडू नका बाप्पा. माहा ताल कच्चा हाय. तुमी वाजवा, मी पाहीन.” त्या पदर खोचून घराकडे निघाल्या. जयंतीला बारा दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी उकंडाजी मोनालीचे आणि अतुलचे म्हणणे मनात शेजारी शेजारी मांडून पाहत बसले. दोन साक्षीदार एकाच गोष्टीविषयी विरुद्ध सांगत आहेत आणि दोघेही खरे बोलणारे आहेत. अशा वेळी दोष साक्षीत नसून स्थानात असतो, हे नैयायिकांना ठाऊक होते आणि चौतीस वर्षे यंत्रांची कुरकुर ऐकलेल्या फिटरलाही. जिनिंगमधले कापसातली सरकी काढणारे रेचे बिघडत, तेव्हा एक मजूर म्हणे आवाज डावीकडून येतो, दुसरा म्हणे उजवीकडून, आणि उकंडाजी दोघांच्याही जागी जाऊन उभे राहत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेच केले. आधी मोनालीच्या जागी उभे राहिले, मग अतुलच्या. मग प्रभावतींसह सर्वांना पटांगणाच्या एका टोकाला बोलावून अतुलला ढोलासह दुसऱ्या टोकाला पाठवले.

“हाण रे!” त्यांनी हात वर केला. “कानानं ऐकू नका. डोळ्यानं पाहा आधी.”

टिपरू ढोलावर पडताना सर्वांनी पाहिले. आवाज त्यानंतर आला. पुन्हा टिपरू पडले. पुन्हा आवाज रमतगमत मागून आला.

“काकाजी, हे काय जादू?” रोशनने विचारले.

“जादू कायची! आवाज पायी येते. तुह्या वायरमधून गाणं मोटारसायकलवर जाते आन् माहा ताशा पायी जाते. अतुलच्या कानाशी डबा हाय. त्याले गाणं आधी भेटते, ताशा मागून. मोनालीच्या कानाशी ताशा हाय. तिले ताशा आधी, गाणं मागून. दोघंही खरे. आन् हे बिचारी मधात उभी!”

तलावात खडा पडल्यावर एका लाटेतून दुसरी लाट उठत काठापर्यंत जावी, तसा शब्द आकाशातून प्रवास करतो, असे आपल्या जुन्या तार्किकांनी मांडले होते. घाटंजीच्या पटांगणावर त्या सिद्धान्ताची प्रचिती एका ढोलाने दिली, आणि प्रभावतींवरचा कच्च्या तालाचा आरोप तिथल्या तिथे गळून पडला. मोनालीने कान पकडले. अतुलने तर दोन्ही कान पकडून एक उठाबशी काढली.

पण रोग कळला म्हणून औषध सापडले असे होत नाही. डबे मध्ये आणावेत तर टोकाच्या लोकांना गाणे पोहोचत नव्हते. रांग आखडावी तर पथकाची शोभा जात होती. प्रभावतींची अडचण आणखी निराळी होती. “माहाच आवाज मले उशिरा वापस येते,” त्या म्हणाल्या. “त्याच्यासाठी थांबलं का ताल गेला.”

इथे उकंडाजींना आपले जिनिंग आठवले. रेचे सुरू असताना तिथे हाक मारून उपयोग नसतो. सारे व्यवहार हातांनी चालतात: मूठ आवळली की थांब, पंजा खाली दाबला की हळू, मनगट फिरवले की चालू दे. कानात रुईचे म्हणजे कापसाचे बोळे आणि नजर एकमेकांच्या हातावर, अशी तिथली रीत. तिथे नवखा मजूर चार दिवसांत बोलायला विसरतो आणि पाहायला शिकतो.

“गाण्याच्या वक्ताले कोणीच ऐकायचं नाही,” त्यांनी फर्मावले. “सारे माह्या हाताकडे पाहा. हात पडला का ढोल पडला पायजे. डबे काय म्हणते, ताशा काय म्हणते, कायीच घ्यायचं नाही.”

“पण बाबा,” मोनाली हळूच म्हणाली, “तुमचे हात तर ताशावर असतात.”

हा प्रश्न त्यांनी स्वतःला आदल्या रात्रीच विचारला असावा, कारण उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी गळ्यातला पट्टा काढला आणि ताशा दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवला. “गाणं होईस्तोवर पुढचा ताशा तू सांभाळशीन.”

प्रभावती म्हणाल्या, “मोनालीचे बाबा, चाळीस सालात माह्यासाठी तुमी ताटही खाली ठेवलं नाही.”

“ताट गरम असते,” उकंडाजी म्हणाले.

उरलेले अकरा दिवस तालीम चालली. पहिले चार दिवस ढोलवाल्यांचे डोळे हातावर आणि कान डब्याकडे, असे दोन डगरींवरचे चालणे झाले. मग प्रत्येकाच्या कानात रुईचे बोळे गेले. प्रभावतींनीही बोळे घातले, आणि त्यांना एक नवल कळले: कान झाकले की आपला आवाज आतूनच, वेळेवर ऐकू येतो.

जयंतीच्या सकाळी पटांगण निळ्या पताकांनी भरले होते. ऊन अजून कोवळे होते. पथकाने पहिली पाच मिनिटे नेहमीचे वादन केले. उकंडाजींचा ताशा असा झडला की समोरच्या निंबावरची पाखरे उडाली. मग त्यांनी ताशा उतरवला. लोकांना वाटले, पट्टा तुटला. ते प्रेक्षकांकडे पाठ करून ढोलांसमोर उभे राहिले आणि त्यांनी पंजा खाली दाबला. चोवीस ढोल एकदम कुजबुजू लागले. मनगट फिरले. प्रभावतींनी पहिली ओळ घेतली.

दोन्ही टोकांच्या मनोऱ्यांतून तो स्वर पटांगणावर उतरला. जात्यावर बसलेल्या बाईचा असतो तसा तो घरगुती, थोडा खरखरीत, स्वच्छ स्वर होता. शब्दन् शब्द कळत होता. ढोल त्याच्या पावलाखाली पायरीसारखे येत होते, वर चढत नव्हते. तिसऱ्या कडव्यात, सहीचे पहिले अक्षर उमटते तिथे, उकंडाजींनी मूठ आवळली. सारे पथक थांबले. एक अख्खी ओळ प्रभावतींनी वाद्याविना म्हटली. ज्या माणसाने आयुष्यभर जोराने वाजवले, त्याने त्या दिवशी पथकाला शांततेचाही आघात शिकवला. नंतर मनगट पुन्हा फिरले, आणि शेवटच्या कडव्यावर ढोल असे कोसळले की लोक उभे राहिले.

प्रभावती कानांतले बोळे काढत आधी आईच्या खुर्चीकडे धावल्या. रुखमाबाईंचे डोळे भरलेले होते, पण कपाळावर आठी होती.

“माय, आलं का ऐकू?”

“सारं आलं. मी का बहिरी हाव? पण खोटं हाय ते.”

“काय खोटं?”

“म्हणे बोट धरून लेकीनं माय शाळेला नेली! तू कायची नेतं मले? तू सहा सालाची, वर्गात पाय ठेवला का भोकाड पसरे. मास्तर म्हणे, बाई, तुमीच बसा हिच्याजवळ. मी बसली. तू झोपे माह्या मांडीवर, आन् मी फळा पाहे. तशी शिकली मी!”

भोवतालचा घोळका हास्यात बुडाला. उकंडाजी घाम पुसत तिथे पोहोचले होते, त्यांनीही ऐकले.

“मंग बदलवू का माय कडवं?” प्रभावतींनी विचारले. त्या एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या.

“बदलव. फळ्याचं टाक त्याच्यात. आन् तू झोपत होती ते बी टाक,” रुखमाबाई म्हणाल्या. मग त्यांनी जावयाकडे मान वळवली. “जावाईबापू, पुढच्या साली मी इथंच बसन. खरं म्हणते का नाही, तपासाले.”

उकंडाजींनी उत्तरादाखल मनगट फिरवले: चालू दे.