मामीने घोडी पळवली

माझ्या मामीला घोड्यांचा वास सहन व्हायचा नाही, आणि लग्न झालं ते नालबंदाशी. "माणूस बघताना बरा वाटला," ती म्हणायची, "वास नंतर कळला." घराच्या मागे मामाची शेड होती. तिथे ऐरण, छोटी भट्टी आणि भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले नाल. तापलेला नाल खुराला टेकवला की केस जळल्यासारखा वास सुटतो आणि तो थेट स्वयंपाकघराच्या पडद्यांत जाऊन बसतो. म्हणून मामाने कपडे मागच्या दारातच बदलायचे, हात दोनदा धुवायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचं, असा नियम होता. तीस वर्षांत मामाने तो एकदाही मोडला नव्हता.

मामी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायची. काम एवढंच नव्हतं. कोणाला आधी आत सोडायचं, कोणाला बसवून ठेवायचं, घाबरलेल्याला दोन शब्द कसे बोलायचे, सगळं तीच बघायची. आवाज खणखणीत, पण बोलणं अदबीचं. चार वर्षांच्या पोरालाही "या बसा, घाबरू नका" म्हणणारी बाई ती. तिच्या एका "थांबा"वर अख्खी रांग थबकायची.

मामाकडे स्वतःचं घोडं कधीच नव्हतं. जन्मभर लोकांच्या घोड्यांचे पाय मांडीवर घेतले, तेवढंच. मग एका बग्गीवाल्याने आपली तांबूस घोडी त्याच्याकडे आणून सोडली. उजवा पुढचा पाय टेकतच नव्हती. "माझ्याने हिचं काही होणार नाही. तुला ठेवायची तर ठेव," म्हणाला आणि निघून गेला. घोडीचा नखरा असा, की कोणी जवळ गेलं तर आधी वरपासून खालपर्यंत बघून घ्यायची. ताईने, म्हणजे मामाच्या मुलीने, तिचं नाव ठेवलं मॅडम. चार महिन्यांत पाय बरा झाला. पुढच्या वर्षी तिला शिंगरू झालं, काळंभोर, टणाटण उड्या मारणारं. ते चिल्लर.

तीन तासांच्या अंतरावर दरवर्षी घोड्यांची मोठी जत्रा भरायची. तिथे घोडी आणि शिंगरू एकत्र दाखवायचा स्पर्धेचा एक वर्ग होता. मामाने कोणालाही न विचारता फॉर्म भरला आणि भरल्यावर सगळ्यांना सांगितलं. मी तेव्हा बँकेतून चार दिवसांची रजा काढून त्यांच्याकडे गेले होते. आराम करायला, असा माझा समज होता.

गाडी मिळाली ती फर्निचर वाहून नेणाऱ्या एका मित्राची. तिच्या दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'नाजूक सामान, जपून हाताळा'. चालवायला ताई. ती ड्रायव्हिंग शाळेत शिकवायची, त्यामुळे स्वतः चालवतानाही "आरसा बघा, सिग्नल द्या" असं पुटपुटत बसायची. सोबत आजोबा, म्हणजे मामीचे वडील. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती. ते आपला नकाशा घेऊन आले होते, कापडावर चिकटवलेला. फोनमधल्या नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

सकाळी सात वाजता निघायचं ठरलं होतं. नऊ वाजले तरी मॅडम गाडीत चढायला तयार नव्हत्या. मामा पुढून ओढत होता, ताई मागून ढकलत होती, मी गाजर दाखवत होते. आजोबांनी फळी किती तिरपी आहे ते मोजलं आणि "हा चढ जास्त आहे," असं जाहीर केलं. तेवढ्यात मामी कुलूप लावून, पर्स खांद्याला अडकवून बाहेर आली.

"अजून इथेच? आणि डबे ठेवले का आत?" असं म्हणत ती बघायला स्वतःच फळीवरून वर गेली. मॅडम शांतपणे तिच्या मागोमाग चढल्या. चिल्लरही टपाटप वर.

"अहो!" आतून मामीचा आवाज आला. "ही माझ्या मागे का आली? अहो, मी कोपऱ्यात अडकलेय!"

"हलू नकोस," मामा घाईघाईने म्हणाला. "हललीस तर ती परत उतरेल." आणि आधी घोडी बांधून मगच त्याने बायकोला सोडवलं. त्या गोष्टीवरून पहिला अर्धा तास मामी मामाकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसली.

पुढे एक फाटा आला. फोन म्हणाला उजवीकडे, आजोबा म्हणाले डावीकडे. "हा रस्ता मी स्वतः मोजलाय. चाळीस मिनिटं वाचतील." त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची ताईची हिंमत झाली नाही. रस्ता खरंच सुंदर होता, दोन्हीकडे झाडं, वाहन एकही नाही. का नाही ते पुढच्या वळणावर कळलं. रस्ता सरळ उतरत गेला आणि पाण्यात शिरला. समोर भलामोठा तलाव, मध्ये एक बदक.

आजोबांनी नकाशा पाहिला, तलाव पाहिला. "इथे रस्ता होता."

"अजूनही आहे, बाबा," मामी म्हणाली. "फक्त पाण्याखाली आहे."

गाडी वळवायला जागा अपुरी, मागेपुढे करताना धक्के बसू नयेत म्हणून मामाने मॅडम आणि चिल्लरला खाली उतरवलं. चिल्लरने जन्मात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. त्याने कान टवकारले आणि धूम ठोकली ती सरळ तलावात. त्याच्या मागे मॅडम. मॅडमच्या मागे दोर, आणि दोराच्या टोकाला मामा, जत्रेसाठी शिवलेल्या नव्या कोटासकट. तिघं बाहेर आले तेव्हा घोडी कोणती आणि चिखल कोणता हे ओळखू येत नव्हतं. आदल्या दिवशी मामाने चार तास ब्रश मारून तिचं अंग आरशासारखं केलं होतं. त्याने कोट काढून पिळला आणि खाली बसला. मी त्याला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"उठा," मामी म्हणाली. "इतक्या लांब आलोय. धुतलं की निघतं."

वाटेत पेट्रोल पंपावर गाड्या धुवायची सोय होती. पाइपवाला माणूस न बघताच म्हणाला, "छोटी गाडी की मोठी?"

"एक मोठी, एक छोटी," ताईने सांगितलं आणि मागचं दार उघडलं. त्या माणसाने आत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "पॉलिश नाही होणार." पण त्याने पाण्याचा जोर कमी केला आणि मनापासून धुतलं. मामीने खुरांमधला चिखल काढायला पर्समधली नखं घासायची कानस दिली. ती परत मागितली नाही.

जत्रेत पोचलो तेव्हा आमच्या वर्गाला वीस मिनिटं उरली होती. मैदानभर घोडे, लाउडस्पीकर, भुसा, पोरांचा कलकलाट. मामा छातीवर नंबर लावत होता आणि अचानक त्याचे हात थांबले. समोरून एक म्हातारा आपला दांडगा ओढीचा घोडा घेऊन चालला होता. "ऐकलंस?" मामा मला म्हणाला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याला मात्र टापांमध्ये एक टाप वेगळी लागली होती. मागचा नाल एका खिळ्यावर लोंबकळत होता. जत्रेतला नालबंद जेवायला गेलेला, आणि ओंडके ओढायच्या शर्यतीत म्हाताऱ्याची पाळी लगेच होती.

"पाच मिनिटांचं काम आहे," म्हणून मामाने अवजारांची पेटी काढली. मामीने डोक्याला हात लावला.

काम पाच मिनिटांचं नव्हतं. खिळा खुरातून ठोकला की त्याचं टोक बाहेरच्या बाजूने निघतं. ते लगेच मुरगळून तोडावं लागतं, नाहीतर घोडा स्वतःच्याच दुसऱ्या पायाला जखम करून घेतो. अर्धं काम टाकून उठता येत नाही. मामाच्या मांडीवर तो अवाढव्य पाय, दोन टोकं बाहेर आलेली, तोंडात आणखी चार खिळे, आणि लाउडस्पीकरवर आमचा नंबर पुकारला गेला.

मामाने वर पाहिलं. बोलता येईना. त्याने भुवया उंचावून मामीकडे खूण केली, मग घोडीकडे, मग मैदानाकडे.

"मी? वेड लागलंय का तुम्हाला?"

नंबर दुसऱ्यांदा पुकारला गेला. आयुष्यभर दुसऱ्यांचे नंबर पुकारलेल्या बाईला, दुसऱ्या हाकेलाही न उठणारा पेशंट म्हणजे काय, हे चांगलं ठाऊक होतं. तिने पर्स माझ्या गळ्यात अडकवली, मामाचा नंबर स्वतःला लावला आणि दोर हातात घेतला.

"मॅडम, चला," ती म्हणाली. "आपला नंबर आलाय. घाबरू नका."

आणि मॅडम निघाल्या. मागे चिल्लरला धरून ताई, म्हणजे खरं तर ताईला घेऊन चिल्लर. नऊ घोड्या रांगेत होत्या. बाकीचे लोक कडक कपड्यांत, चकचकीत बुटांत. मामी प्रवासाच्या चपलांत. परीक्षक एक उंच बाई होत्या, चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

"पळवून दाखवा," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"घोडीला. म्हणजे तुम्हालाही."

मामी वीस वर्षांत बस पकडायलाही पळाली नव्हती. पळाली. मॅडम तिच्या खांद्याला खांदा लावून, मान वर करून, अशा डौलात की बघत राहावं. अर्ध्या वाटेवर एक चप्पल निसटली. मामीने मागे वळूनही पाहिलं नाही. चिल्लरने ती उचलली आणि तोंडात धरून पुढची फेरी पूर्ण केली. कुंपणाला टेकलेले लोक टाळ्या वाजवायला लागले.

"थांबा," मामी धापा टाकत म्हणाली. मॅडम थांबल्या. तिच्या आवाजाने शेजारच्या दोन घोड्याही थांबल्या.

परीक्षक बाईंनी मॅडमचा उजवा पुढचा पाय उचलला. "इथे जुनं दुखणं होतं."

"पू झाला होता," मामी म्हणाली. "खुराच्या आत. एकशे सव्वीस दिवस उपचार केले. रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवायचा, वीस मिनिटं. सत्तराव्या दिवशी निचरा झाला. त्र्याण्णवाव्या दिवशी पूर्ण टेकवला. माझ्याकडे केसपेपर आहे, घरी."

मी कुंपणापाशी आणि ताई आत, आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. आमची समजूत होती की ते सगळं मामाने केलं.

"कोणी बरा केला हा पाय?" बाईंनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याने." मॅडमने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती आणि मामीने ती ढकलली नव्हती. "आणि मी. त्यांना सकाळी लवकर गिऱ्हाइकांकडे जावं लागायचं. मग पाणी मीच तापवायचे. ही उभी राहायची नाही, म्हणून बोलत बसायचे हिच्याशी."

बाईंच्या चेहऱ्यावरची माशी एकदाची हलली. त्या हसल्या.

आमचा तिसरा नंबर आला. पिवळी फीत लावायला बाई आल्या तेव्हा कुंपणापाशी मामा पोचला होता, हातात हातोडा, अंगावर ओला कोट, भुशाने माखलेला. म्हाताऱ्याचा घोडा ओंडका ओढून गेलाही होता. "तिसरी! अगं, तिसरी!" तो ओरडत होता. मग हळूच म्हणाला, "तू मला कधी सांगितलं नाहीस, तू तिच्याशी बोलतेस म्हणून."

"तुम्ही विचारलंत कधी?" मामी म्हणाली. "आधी माझी चप्पल आणा."

चप्पल कामातून गेली होती. चिल्लरने तिचा पट्टा चावून तोडला होता. मामी उरलेला दिवस आजोबांच्या जादा बुटांत जत्रेत हिंडली आणि भेटेल त्याला मॅडमच्या पायाची हकीकत सविस्तर सांगत राहिली.

त्याला आता पाच वर्षं झाली. फॉर्म मामीच भरते, आणि जत्रेच्या आठवड्यात दवाखान्यातून हक्काची रजा घेते. चिल्लर आता चांगला उंच झालाय आणि त्याला मैदानात घेऊन जायचा मान तिने कोणाला दिलेला नाही. मामा कुंपणाबाहेर उभा राहून "मान वर, मान वर!" असं सांगत असतो. घोडा ऐकतो. मामी ऐकत नाही.