कॅसरोल नव्हे, हॉटडिश

डोनाकाकूंच्या हातात कुणाचंही भांडं आलं की त्या ते आधी पालथं करून बघत. सिंगापूरला बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये मी नवी राहायला आले, तेव्हा समोरच्या दारावर 'पेंडसे' अशी पाटी पाहून हरखले आणि वाटीभर शिरा घेऊन बेल वाजवली. दार उघडलं ते साठीच्या, उंच, गोऱ्यापान अमेरिकन बाईंनी. मी इंग्रजीची जुळवाजुळव करतेय तोवर त्याच म्हणाल्या, "ये की आत! दारात काय उभी?" शिरा त्यांनी बशीत काढला, वाटी उलटी केली आणि बुडाशी कोरलेलं माझ्या आईचं नाव बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "सौ. सु-म-न. म्हणजे तुम्हीपण भांड्यावर नाव घालता! शहाणी माणसं."

पेंडसेकाका सांगलीचे. शिकायला म्हणून अमेरिकेच्या पार उत्तरेला, मिनेसोटात गेले आणि तिथल्या एका खेड्यातल्या डोनाशी लग्न करून बसले. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा काकू दोन वर्षं सांगलीत राहिल्या. त्यांचं मराठी तिथलं. त्यात सासूबाईंचा 'की' होता, सासूबाईंचं टाकून बोलणं होतं आणि लिंगांचा सावळागोंधळ मात्र स्वतःचा होता. त्यानंतर काकांच्या नोकरीमुळे इथं सिंगापूरला. मूलबाळ नव्हतं.

शिऱ्याच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी त्या एक चौकोनी काचेचं भांडं घेऊन आल्या. भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी, पट्टीवर पेनानं 'डोना पेंडसे'. आत खाली डब्यातलं मश्रूमचं घट्ट सूप, फरसबी, सोयाचा चुरा आणि वर बटाट्याच्या किसाच्या पेराएवढ्या गोळ्यांच्या, पोरांना कवायतीला उभं करावं तशा रांगा. सगळं ओव्हनमध्ये खरपूस भाजलेलं. मुळात त्यात गोमांस असतं. पण पेंडशांच्या घरात आल्यावर काकूंनी ते सोडलं होतं.

"ही हॉटडिश," त्या म्हणाल्या. "कुणी कॅसरोल म्हणेल, तर म्हणू द्यायचं नाही. कॅसरोल विस्कॉन्सिनवाले म्हणतात. आमच्या शेजारचं राज्य. बिचारे."

"पण काकू, कॅसरोल तर हे," असं म्हणून मी ओट्यावरचा पोळ्यांचा डबा दाखवला. काकूंनी त्या गुलाबी प्लास्टिकच्या डब्याकडे पाहिलं, झाकण उघडून आतल्या पोळ्या पाहिल्या आणि हसून हसून खाली बसल्या. पुढे कितीतरी दिवस त्या भेटेल त्याला सांगत होत्या, की हिच्या घरी विस्कॉन्सिनच्या तोंडात पोळ्या कोंबून ठेवल्यात.

आता खरं सांगायचं तर मला ती हॉटडिश आवडली नव्हती. ना तिखट ना मीठ, सगळं कसं गुळमुळीत. मी तोंडदेखलं "फारच सुंदर" म्हटलं. काकूंचा चेहरा पडला. "इतकं वाईट?" त्यांच्या गावात कौतुकाची वरची पट्टी म्हणजे 'वाईट नाही' एवढीच, हे मला मागाहून कळलं. 'फार सुंदर' परक्याच्या नावडत्या पदार्थाला म्हणायचं. त्यांचा अभिमान मात्र पक्का. सूप घरी करून घातलं तर, असं मी एकदा सुचवलं, तेव्हा म्हणाल्या, "मग ती हॉटडिश नाही, ती नाटकं. हे बघ, सांगलीत भडंगावरून भांडतात, इथं हॉकर सेंटरला चिकन राइसवरून भांडतात. आम्ही थंडीतली माणसं, आम्हाला भांडायला एवढीच एक बाई आहे."

हॉटडिश ही बाईच आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या वर्षी जुरोंग ईस्टला एका काँडोत आम्हा मराठी मंडळींचा गणपती होता, प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा असा. काकूंना ताप होता. त्यांनी हॉटडिश माझ्याकडे दिली आणि "सगळ्यांना सांग, सोयाची आहे" असं चारचारदा बजावलं. मी सांगितलं. पण अमेरिकन बाईच्या हातचं म्हटल्यावर एकीनं दुसरीकडे पाहिलं, दुसरीनं तिसरीकडे. कुणी वाईट बोललं नाही. कुणी चमचाही लावला नाही. मी तरी कुठे वाढून घेतली? सगळ्यांदेखत आपण एकटीनंच खायची, याची मला लाज वाटली. परत आल्यावर ती अख्खी हॉटडिश मी इमारतीच्या कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये लोटली, भांडं लख्ख घासलं, त्यात पाच मोदक ठेवले आणि काकूंना म्हटलं, "संपली हो! पुरली नाही."

"वाईट नाही," काकू म्हणाल्या आणि मोदक झाकून ठेवले.

हॉटडिशचं खरं काम काय, ते मला तिसऱ्या वर्षी कळलं. त्यांच्या गावात कुणी गेलं की त्या घरची बाई ओव्हन पेटवत नाही. चर्चच्या तळघरात बायका जमतात आणि त्या घरी एकामागून एक हॉटडिश जातात. भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बुडाला पट्टी. मी म्हटलं, आमच्याकडेही सुतकात शेजारचे पिठलं-भात आणतात. जेवण जात नाही, मग कुणीतरी बळंच भरवतं. त्याला कडू घास म्हणतात.

"आमचा खारट असतो," काकू म्हणाल्या. "सूपमुळे. पण एक नियम आहे. आपल्या दुःखाची हॉटडिश आपण करायची नाही. ती दुसऱ्यानंच आणावी लागते."

हे बोलणं सहज निघालं नव्हतं. पेंडसेकाकांच्या स्वादुपिंडाचा कॅन्सर पार पसरला होता. मुलीच्या शाळेसाठी आम्ही टॅम्पिनीसला हललो होतो. मी काकांना भेटायला आले होते. ते आतल्या खोलीत झोपले होते, आणि काकू ओट्याशी उभ्या राहून चहा गाळता गाळता म्हणाल्या, "पिठलं-भात येईल, मला माहीत आहे. मंडळी चांगली आहेत. पण आमच्या घरी हॉटडिश कोण आणणार?"

"मी आणेन, काकू."

त्यांनी गाळणं खाली ठेवलं. "गणपतीत तू ती टाकून दिलीस ना?"

मी डोळे पुसले.

"लोकांनी चमच्यानं खाल्ली की कोपऱ्यांत करपलेलं उरतं आणि वाळून चिकटतं. खरवडायला अर्धा तास लागतो. तू आल्याआल्या भांडं परत दिलंस, आणि कोपरे आरशासारखे. असू दे. रडू नको. पण या वेळी खरी आण. शब्द दे."

मी दिला.

काका सहा आठवड्यांनी गेले. इथल्या स्मशानाचं नाव मंडाई. आमच्या कानाला भाजीबाजार. सांगलीचा माणूस तिथं विजेच्या भट्टीत गेला, आणि काकू पांढऱ्या सुती साडीत, चपला काढून ताठ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं हॉटडिश केली. डब्यातलं सूप, सोया, रांगा, सगळं काकूंच्या शिस्तीनं. रंग असा सुरेख आला की मलाच बरं वाटलं. पण टॅम्पिनीस बेटाच्या एका टोकाला, बुकित पंजांग दुसऱ्या. काचेचं तापलेलं भांडं एमआरटीच्या गाडीतून तासभर न्यायचं कसं आणि गरम राहायचं कसं? मी जे कुठलीही मराठी बाई करेल तेच केलं. सगळी हॉटडिश उलथन्यानं अलगद काढून पोळ्यांच्या डब्यात भरली आणि झाकण घट्ट लावलं.

काकूंनी झाकण उघडलं, तर आतून पाणी गळलं. वाफ धरून सगळे गोळे लिबलिबीत झाले होते. रांगा मोडून नुसता लगदा. काकू डब्याकडे पाहतच राहिल्या. "कॅसरोल," त्या म्हणाल्या. "अगं, तू हॉटडिश कॅसरोलमध्ये आणलीस?" आणि त्या हसायला लागल्या, पहिल्या दिवसासारख्या, खाली बसून. ते हसणं कधी बदललं मला कळलं नाही. मी त्यांना धरून बसले. मग त्यांनी चमचा मागितला आणि डबा मांडीवर घेऊन खायला लागल्या. अर्धाअधिक संपवला. "याला कोपरेच नाहीत की," एवढं म्हणाल्या. आणि शेवटी, तोंड पुसून, "वाईट नाही."

काकूंचा इथं राहायचा पास काकांच्या नोकरीच्या पासवर होता. काका गेले तसा तो संपला. आवरायला महिनाभर मिळाला. "सदतीस वर्षं पेंडसे आहे मी," त्या म्हणाल्या, "पण इथं मी एका कागदावरचा पेंडसे होतो." लिंग चुकलं होतं. एरवी मी सुधारलं असतं. त्या मिनेसोटाला धाकट्या बहिणीकडे गेल्या. जाताना काचेचं भांडं माझ्या हातात दिलं. मी पालथं करून पाहिलं. पट्टी नवी होती, नाव त्यांचंच. मी म्हटलं, "काकू, यावर आता माझं नाव घालायला हवं ना?"

"छे! ते माझं आहे. परत आणून द्यायचं. आणि रिकामं नको."

उन्हाळ्यात जाऊ, असं आम्ही दोनदा ठरवलं. एकदा माझी रजा मिळाली नाही, एकदा मुलीची परीक्षा. फोनवर काकू दर वेळी विचारत, "माझं भांडं बरं आहे ना?"

जानेवारीत काकूंच्या बहिणीचा मेसेज आला. झोपेतच गेल्या. जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे पुरायला एप्रिल उजाडेल. तोवर पेटी थांबून राहणार. मी विचारलं, घरी हॉटडिश आल्या का? उत्तर आलं. चर्च दोन वर्षांपूर्वी बंद झालं. त्या बायका आता उरल्या नाहीत. कुणीतरी दुकानातून सँडविच आणली होती.

त्या शनिवारी दुपारी मी काकूंच्या भांड्यात हॉटडिश लावली. ओव्हनमधून बाहेर काढली तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "कुणाकडे न्यायचीय?" मी भांडं फडक्यात धरून तशीच उभी राहिले. ज्या घरी न्यायची ते घर नव्हतं. आणि दुःख होतं ते आमच्याच घरी. आपली आपण करायची नाही, हा काकूंचा नियम मी मोडला होता, कारण मला ती आणून देणारं माणूस गेलं होतं. मुलीनं माझा चेहरा पाहिला, उठली, भांडं फडक्यासकट माझ्या हातून घेऊन स्वयंपाकघराबाहेर गेली आणि पुन्हा आत येऊन माझ्यासमोर ठेवलं. "आणली," ती इथल्या पोरांच्या सुरात म्हणाली. "खा ना, आई. नॉट बॅड, लाह."

आम्ही तिघांनी ती संपवली. कोपरे खरवडायला मला अर्धा तास लागला. मग भांडं निथळायला पालथं घातलं, तर नाव वर आलं. डोना पेंडसे. परत करायचं राहून गेलं.