टाचा टेकवणार नाही

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि मी चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. फिगर ड्रॉइंगच्या सरांनी एक दिवस माझा कागद वर उचलून सगळ्या वर्गाला दाखवला. "बघा, हिचा माणूस बसलेला नाही, टांगलेला आहे." पोरं खिदळली. "मुलींना फिगर झेपत नाही. दिवाळीआधीच्या परीक्षेत नापास झालात तर पेंटिंग सोडायचं आणि टेक्स्टाइलला जायचं. साडीवर बुट्टे काढा, छान जमेल."

बुट्ट्यांवर माझा राग नव्हता. 'मुलींना' ह्या शब्दावर होता. माणूस खरंच टांगलेला होता हे मलाही दिसत होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. वर्गात एक आजोबा मॉडेल म्हणून खुर्चीवर बसायचे. पुढची रांग मुलग्यांची. आम्हा तिघींना मागून त्यांचं निम्मं टक्कल दिसायचं. टकलावरून काय डोंबल शिकणार?

म्हणून मी संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायला लागले. तिथं गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. पिणारे बहुतेक तालमीतले गडी. त्यांत वही घेऊन उभी असलेली मी एकटीच पोरगी. लोक टक लावून बघायचे. मीही बघायचे.

चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या गवळ्यानं हात पुसून वही मागितली. आपलंच चित्र त्यानं लांब धरून न्याहाळलं.

"ताई, ह्यो गडी आडवा व्हतोय की. टाचा टेकवून कोण धार काढतंय व्हय? म्हशीनं लाथ घातली तर उठंल कवा?"

मी पहिल्यांदाच त्याच्या पायांकडं नीट बघितलं. इतके दिवस चेहरा आणि दंड मन लावून काढत होते, पाय अंदाजानं ठोकून देत होते. तो चवड्यांवर बसायचा, दुधाची चरवी गुडघ्यांत घट्ट धरून.

"नुसतं बघून कळायचं न्हाय. बसा," म्हणत त्यानं रिकामी चरवी पुढं केली.

मी ओढणी कमरेला बांधली आणि भर कट्ट्यावर बसले. कुणीतरी शिट्टी मारली. बसूनच राहिले. पोटऱ्या पेटल्या, मांड्या थरथरल्या, अंगाचा सगळा भार अंगठ्यांशी उतरला. स्नायूंची नावं मला पुस्तकातून पाठ होती. ते अंगात कुठं राहतात ते त्या दिवशी कळलं.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आई दारातच उभी. "चारचौघांत उकिडवी बसलीस? लाज हाय का न्हाय?"

"न्हाय," मी म्हणाले, आणि तिच्यासमोरच पुन्हा बसून स्वतःची मांडी चाचपायला लागले. पुढचे दोन महिने रोज बसले आणि रोज काढलं.

परीक्षेत विषय आला, 'काम करणारा माणूस'. मनानं काढायचा होता. मी गवळी काढला. सर माझ्या मागं येऊन थांबले.

"टाचा अधांतरी आहेत. टेकवा," म्हणत त्यांनी खोडरबर उचलला.

मी कागदावर हात ठेवला. "सर, तुम्ही बसून दाखवा."

सर लालबुंद झाले, पण सगळ्यांसमोर माघार कशी घेणार? ब्रश धुवायची बादली गुडघ्यांत धरून, टाचा पक्क्या टेकवून बसले. "हे बघा. येतं बसता."

"आता म्हैस लाथ घालतेय. उठा पटकन."

ते उठायला गेले आणि सगळ्यात आधी टाचा उचलल्या. बादलीतलं रंगीत पाणी पँटवर सांडलं. ते स्वतःच्या बुटांकडं बघत राहिले. सगळा वर्ग त्यांच्या बुटांकडं बघत होता.

त्यांनी मला काठावर पास केलं. एक मार्क जास्त नाही. मी पेंटिंगलाच राहिले.

दिवाळीनंतर वर्ग भरला तेव्हा आजोबांच्या आधी येऊन मी पहिल्या रांगेत बसले. त्या जागेवर नेहमी बसणारा मुलगा आला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. मग सर आले.

मला कुणी उठवलं नाही.