दोघींचं चांगभलं

यंदा देवावर माझा रागच होता. जन्मात कधी विडीला हात लावला नाही, आणि डॉक्टर छातीचा फोटो उजेडाला धरून विचारतात, घरात कुणी ओढतं का? कागलजवळ हायवेला आमचा चहाचा गाडा. ट्रक समोर येऊन थांबायचे, इंजिन तसंच चालू, आणि मी त्या धुरात चहा गाळत उभी. निम्मं आयुष्य असंच गेलं. संध्याकाळी पदरानं नाक पुसलं की पदर काळा व्हायचा. पदर धुता येतो, म्हणून कधी काही वाटलं नाही. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांचं गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा, धूर आणि धूळ टाळा.

जोतिबाच्या डोंगरावर तर सगळा गुलाल. पण माघातल्या रविवारी पायी डोंगर चढून दर्शन घ्यायचं, हे खेटे मी लग्नाआधीपासून घालते. मालक म्हणाले, जीपनं जाऊ. मी एकटीच हट्टानं चालत निघाले. दम काढून घेतलास तरी येते बघ, असं देवाला दाखवायचं होतं. बसत उठत वर पोचले. तोंडाला मास्क होता, पण देवाच्या दारात तोंड बांधून कसं जायचं, म्हणून कमानीतच तो काढला. तेवढ्यात पुढच्या घोळक्यानं गुलाल उधळला.

श्वास आत जाईना. पायरीवर बसले. औषधाचा पंप पिशवीत नारळ-खोबऱ्याच्या खाली गेला होता, हाताला लागेना. संपलं सगळं, असंच वाटलं. एवढ्यात एका बाईनं पिशवी ओढून घेतली आणि पायरीवर सरळ उपडी केली.

"ह्यो की! आमच्या जावंला बी हाय. वड अक्का, दमानं."

बाई नेसरीकडची होती, तिकडं बायकाही 'येतो, जातो' असंच बोलतात. श्वास जरा लागल्यावर मी मास्कचं सांगितलं, तर मलाच ओरडली, "त्येला तुजं तोंड काय नवं हाय व्हय?" तिनं मास्क परत बांधला, चिमूटभर गुलाल बाटलीतल्या पाण्यात कालवून माझ्या कपाळाला लावला. "वला उडत न्हाय." मी चांगभलं म्हणायला गेले, आवाजच फुटेना. तेव्हा मात्र रडू आलं.

"गप. तुजं बी मीच म्हणतो."

शिखराकडं तोंड करून तिनं एकदा आरोळी दिली. मग माझ्याकडं बघून पुन्हा, आणखी मोठ्यानं, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" आणि गर्दीत गेली. नाव विचारायचं राहिलं. तिला कुणी पाठवलं, ते मी कशाला सांगू? गाभाऱ्यापर्यंत गेलेच नाही. पायरीवरूनच हात जोडले आणि जीपनं उतरले.

गाडा आता हायवे सोडून गावात आत आणलाय. जिना चढताना अजून मध्येच थांबते. बरं कर, असं मागायचं सोडून दिलंय. देतोय तेवढ्या श्वासावर त्याचे उपकार मानते. रविवारी मालक देव्हाऱ्यापुढं चांगभलं म्हणतात. मग माझ्याकडं बघतात, आणि पुन्हा एकदा म्हणतात, जरा मोठ्यानं.